चौसष्ट क्रम, पासष्ट माणसं

पार्बताबाईला विधान परिषदेच्या निवडणुकीत उभं का केलं, हे पार्बताबाईला कोणी सांगितलं नाही. चंदनभाऊंच्या मळ्यातल्या घरी ती वीस वर्षं स्वयंपाक करत होती. एक दिवस सूर्यभाननं, म्हणजे भाऊंच्या पीएनं, तिला पिठाचे हात धुवायला लावले, गाडीत बसवून अमरावतीला नेलं, सात-आठ कागदांवर सह्या घेतल्या आणि संध्याकाळच्या भाकरीच्या आत परत आणून सोडलं.

"काय होतं जी ते?" तिनं विचारलं.

"तुह्य नाव छापून येते आता," सूर्यभान म्हणाला.

नाव छापून येणं, एवढंच तिचं काम. खरे उमेदवार दोनच होते, चंदनभाऊ आणि समोरच्या पक्षाचा. पण मतपत्रिकेवर पाच नावं पाहिजे होती. म्हणून भाऊंचा ड्रायव्हर उभा राहिला, भाऊंच्या साळ्याचा भागीदार उभा राहिला आणि पार्बताबाई उभी राहिली. पाचच का, चार का नाही, हे ज्या माणसानं हिशेब करून सांगितलं तो होता देवराव मास्तर.

देवराव मास्तर एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत होते, आणि माणूस कमी म्हणून नागरिकशास्त्रही. फळ्यावर मांडलेलं उदाहरण चुकलं म्हणून पुसावं लागलं, असं एकदाही झालं नाही, ही त्यांची ऐट. चांदूर रेल्वेच्या पलीकडचं त्यांचं गाव तसं बारकं, नगरपंचायत होऊन दहा वर्षं झालेली. तिथं अर्ध्या गावाला गुणाकार त्यांच्याच हातानं आलेला.

नागरिकशास्त्राच्या तासाला ते फळ्यावर दोन खोल्यांचं घर काढायचे. मोठी खोली विधानसभा, तिथं दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसं लोक थेट निवडून पाठवतात. छोटी खोली विधान परिषद, तिथं अठ्ठ्याहत्तर. त्यातले तीस आमदार निवडतात, बावीस नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे सदस्य निवडतात, सात पदवीधर, सात शिक्षक, आणि बारा जण राज्यपाल नेमतात. मोठी खोली पाच वर्षांनी रिकामी होते. छोटी कधीच रिकामी होत नाही, दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा उठतो आणि नवा येऊन बसतो. मग ते खडू खाली ठेवून गोष्ट सांगायचे. मुंबई इलाख्यात ह्या दोन खोल्या इंग्रजाच्या काळात, सदतीस साली झाल्या. आपण वऱ्हाडवाले तेव्हा मध्य प्रांतात, तिथं एकाच खोलीत भागत होतं. छप्पन साली मुंबई राज्यात गेलो तेव्हा कुठं आपल्याला दुसरी खोली मिळाली. काही राज्यांनी तर ती बांधली, पाडली आणि पुन्हा बांधली.

"सर, पन दुसरी खोली पायजे कायले?" सातवीतल्या अकीलानं एकदा विचारलं होतं.

"घाईत केलेला कायदा तिथं थंड डोक्यानं पुन्हा वाचतात, बेटा."

आणि तासाच्या शेवटी दरवर्षी एकच वाक्य, परीक्षेत दोन मार्कांना हमखास येणारं: मत गुप्त असते, नवऱ्यानं बायकोला विचारायचं नाही, बापानं लेकाला विचारायचं नाही.

असं शिकवलेल्या माणसानं बासष्टाव्या वर्षी काय करावं? तर मत उघडं पाडायचं यंत्र तयार करावं. तेही फुकट, वही आणि पेन स्वतःचं लावून.

यंत्र साधं आहे. ह्या निवडणुकीत बटण नसतं, शिक्का नसतो. अधिकारी जांभळा स्केचपेन देतो आणि मतदार नावापुढं आकडे टाकतो. पहिली पसंती एक, दुसरी दोन, तिसरी तीन. एक टाकणं सक्तीचं, बाकी तुमची मर्जी. जागा एकच, त्यामुळं खरं वजन एकच्या आकड्याला. पुढचे आकडे कोणाला टाकले, ह्याची उमेदवाराला फिकीर नसते. म्हणजे ते मोकळे पडले. ह्याच मोकळ्या आकड्यांत माणसाचं नाव लपवता येतं. एकाला सांगायचं, भाऊंना एक आणि ड्रायव्हरला दोन. दुसऱ्याला सांगायचं, भाऊंना एक, भागीदाराला दोन, पार्बताबाईला तीन. प्रत्येकाला वेगळा क्रम. मोजणीच्या वेळी मतपत्रिका उघडली की वहीत टिक करायची. ज्याचा क्रम निघाला नाही, तो फुटला.

चार नावं असती तर असे पंधराच क्रम झाले असते. पाच नावांत चौसष्ट होतात. भाऊंच्या यादीत संशयित मतदार होते नेमके चौसष्ट. नगरपंचायतींचे अपक्ष, पक्ष बदलून आलेले, नाराज असलेले. उरलेल्या भरवशाच्या दीडशे जणांना नुसता एक टाकायला सांगितलं होतं. मास्तरांनी रात्रभर जागून नव्हे, सकाळी चहा पिता पिता अर्ध्या तासात हे मांडलं. चंदनभाऊ त्या कागदाकडं बघत राहिले.

"मास्तर, तुमी तं कलेक्टर व्हाले पायजे होते."

"एक अट आहे भाऊ. वही एकच राहील, माझ्या हातात राहील. फोटो नाही, झेरॉक्स नाही. फुटली तर सगळा खेळ संपला."

"मंजूर. आन् तुमची अभ्यासिका पन मंजूर."

अभ्यासिका. मास्तर ह्या एका गोष्टीसाठी गेले होते. बौद्ध वस्तीच्या तोंडाशी नगरपंचायतीचा एक मोकळा तुकडा आहे. वस्तीतली पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात ती बसस्टँडच्या बाकावर. तिथं एक खोली, टेबलं आणि दिवे पाहिजेत म्हणून मास्तरांची सून दीपमाला नगरसेविका झाल्यापासून भांडत होती. नगरपंचायतीत भाऊंच्या शब्दाबाहेर पान हलत नव्हतं. मास्तरांनी विचार केला, चौसष्ट क्रम देऊ, एक खोली घेऊ. ह्यात कोणाचं काय जातं? कोणाचं काय जातं, हे त्यांना नंतर कळलं.

मतदानाच्या आधीचे पाच दिवस सगळ्या संशयितांना अकोल्याजवळच्या एका हॉटेलात ठेवलं. सहल म्हणायचं त्याला. मोबाइल दारातच काढून घेतले आणि पिशव्यांत भरून त्यावर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पन्नाशीचे बाप्ये सकाळी अंघोळ करून हॉलमध्ये रांगेत बसायचे आणि मास्तर एकेकाला बाजूच्या खोलीत बोलावून नमुन्याच्या कागदावर त्याचा त्याचा क्रम गिरवून घ्यायचे. खरं सांगायचं तर मास्तरांना त्यात मजा आली. कितीतरी वर्षांनी वर्ग मिळाला होता. दीपमालाही होती. सून असली तरी ती अपक्ष निवडून आलेली, म्हणून यादीत तिचंही नाव होतं. मास्तरांनी तिला सगळ्यांत सोपा क्रम दिला. भाऊ एक, पार्बताबाई दोन, पुढं कोरं.

"मतपत्रिकेवर कामाची बाई एकच हाये, तिले दोन नंबर," दीपमाला म्हणाली.

चौथ्या दिवशी सगळ्यांना गाड्यांत भरून पातूरची लेणी दाखवायला नेलं. माणसं फोटो काढायला मोबाइल नाही म्हणून चरफडत फिरत होती. दीपमाला मास्तरांना घेऊन आतल्या खोलीत गेली. थंड दगडाला टेकून हळू बोलली.

"मामाजी, त्या जागेवर गाळ्यांचा नकाशा मंजूर झाला. मागच्याच महिन्यात. बारा गाळे. साळ्याच्या भागीदाराले."

"कोणी सांगितलं?"

"कोनी का सांगतलं असेना. म्या ठरावाचा कागद पाह्यला."

"निवडणूक झाल्यावर बोलू. भाऊंनी शब्द दिला आहे."

"तुमाले शब्द देला आन् त्याले जागा देली," दीपमाला म्हणाली आणि बाहेर उन्हात निघून गेली. त्यानंतर ती ह्या विषयावर बोलली नाही. दीपमाला गप्प बसणाऱ्यातली नव्हे, हे मास्तरांना ठाऊक असायला पाहिजे होतं.

त्याच संध्याकाळी सूर्यभान एका बाईला घेऊन हॉटेलात आला. ती अकीला होती. तीच, दुसरी खोली कशाला म्हणून विचारणारी. आता ती शेजारच्या वॉर्डाची नगरसेविका होती आणि तिचा नवरा कुर्बान पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान चालवायचा. पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेली, भरवशाच्या दीडशेत तिचं नाव होतं. पण कुर्बानला कोणीतरी समोरच्या उमेदवाराच्या पुतण्यासोबत चहा पिताना पाहिलं.

"मोटर जळली होती त्याईची," अकीला सांगत होती. "गिऱ्हाइकासंग चहा नाई प्याव का मानसानं? सर, मले घरातून उठवून आनलं. पोराची परीक्षा चालू हाये. माह्या हातातून फोन हिसकला ह्यानं."

"हिसकला नाई, घेतला," सूर्यभान म्हणाला. "मास्तर, ह्या बाईले बी क्रम द्या."

आता पंचाईत झाली. चौसष्ट क्रम, पासष्ट माणसं. पासष्टावा क्रम गणितात नाही. नुसता एक टाकणारे भरवशाचे, त्यांच्यात तिला ढकललं तर ती सापडणार नाही. हे भाऊंना सांगायला पाहिजे होतं. पण "होत नाही" म्हणणं मास्तरांच्या जिभेला जमेना. चौसष्टच्या चौसष्ट बसवले म्हणून ज्या माणसानं आठ दिवस मिरवलं, त्यानं नवव्या दिवशी एक जास्त झाला म्हणून हात वर करायचे?

त्यांनी विचार केला तो असा. एक क्रम दोघांना द्यावा लागेल. मग असा क्रम द्यावा, ज्यातलं एक माणूस शंभर टक्के पक्कं आहे. घरचं मत. दोनदा निघाला तर दोघी खऱ्या. एकदाच निघाला तर अकीला खोटी. आणि अकीलाच्या कागदावर त्यांनी लिहिलं: भाऊ एक, पार्बताबाई दोन, पुढं कोरं.

सुनेचं मत आपलंच, हे गृहीत धरायला त्यांना पाव मिनिटही लागलं नाही. एकतीस वर्षं शिकवलेलं ते वाक्य त्या पाव मिनिटात कुठं गेलं होतं, कोण जाणे.

मतदान झालं. हॉटेलातून थेट तहसीलच्या दारात गाड्या लागल्या, माणसं आत गेली आणि बाहेर आली. बाहेर आल्यावर दीपमालानं मास्तरांकडं बघितलं नाही. अकीलानंही बघितलं नाही. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. वाटायला सुरुवात झाली ती घरी आल्यावर, दुसऱ्या दिवशी. दीपमाला भाजी निवडत होती. मास्तरांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"बरोबर टाकलं ना?"

दीपमालानं निवडलेली मेथी उचलली, न निवडलेली तिथंच ठेवली आणि आत गेली.

त्या क्षणापासून मास्तर भरल्या ताटावरून उठायला लागले. भाकरी उतरेना. वर्तमानपत्राची एकच ओळ ते चारदा वाचत होते. भाऊ फुटलेल्या माणसाचं काय करतात, हे त्यांना ठाऊक होतं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. भाऊ फाइल काढतात. ह्या भागात प्रत्येक घराची काही ना काही फाइल असते. कोणाची पायरी नालीवर आलेली, कोणाच्या जातीच्या दाखल्यावर एक शिक्का पुसट, कोणाचा संडास मोजणीत सहा इंच बाहेर. अतिक्रमण सिद्ध झालं की सदस्यत्व जातं, आणि त्यामागून घरही तुटतं. कुर्बानचं दुकान नगरपंचायतीच्या गाळ्यात होतं. आणि मास्तरांच्या स्वतःच्या घराचा ओटा? तो तर त्यांनीच रस्त्याच्या बाजूनं हातभर वाढवला होता, निवृत्त झाल्यावर बसायला.

मोजणी अमरावतीला. हॉलमध्ये जाळी लावलेली, जाळीच्या आत कर्मचारी, बाहेर खुर्च्यांवर प्रतिनिधी. दोन टेबलं. एकावर मास्तर वही घेऊन बसले, दुसऱ्यावर सूर्यभान. त्याला दिसलेले क्रम तो चिठ्ठीवर लिहून मास्तरांकडं सरकवणार. मास्तरांच्या मागच्या खुर्चीत चंदनभाऊ. पांढरा सदरा आणि अत्तर. त्यांचा गुडघा मास्तरांच्या खुर्चीच्या पाठीला लागत होता आणि हलत होता.

सगळ्या केंद्रांची मतं आधी एकत्र मिसळली, कोणत्या गावाचं कोणतं हे कळू नये म्हणून. कायद्यानं एवढी काळजी घेतली होती. मास्तर ते बघत होते आणि त्यांच्या मांडीवर वही होती.

एकेक पत्रिका उघडून कर्मचारी वर धरायचा, वैध आहे का बघायचा आणि गठ्ठ्यात टाकायचा. भाऊ एक, ड्रायव्हर दोन. टिक. भाऊ एक, भागीदार दोन, समोरचा तीन. टिक. नुसता एक. नुसता एक. मास्तरांचा हात आपोआप चालत होता. अकराच्या सुमारास ती निघाली. भाऊ एक, पार्बताबाई दोन, पुढं कोरं. मास्तरांनी दोन्ही नावांपुढं एकेक बारीक टिंब दिलं आणि पुढं सरकले. अजून एक यायला पाहिजे. येईल, अजून दीडशे उघडायच्या आहेत. सूर्यभानच्या टेबलावरही येऊ शकते.

बारा वाजले. वहीत टिक होत होत्या आणि रिकाम्या जागा कमी होत होत्या. चहा आला, मास्तरांनी कप खाली ठेवला, त्यावर साय धरली. साडेबाराला रिकाम्या जागा नऊ होत्या. मग पाच, मग दोन. ती दोन्ही नावं एकाखाली एक नव्हती, एक सातव्या पानावर आणि एक शेवटच्या. पण मास्तरांना ती चिकटलेलीच दिसत होती. दीपमाला. अकीला.

"किती राह्यले?" मागून भाऊ.

"चालू आहे."

मग कर्मचाऱ्यानं एक पत्रिका उघडली आणि थांबला. शेजारच्याला दाखवली. दोघं हसले. वरिष्ठ आला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, "वैध आहे. ठेवा त्यांच्या खणात."

पार्बताबाईच्या नावापुढं एक. बाकी कोरं.

भाऊंचा गुडघा हलायचा थांबला.

"कोण हाये हे?" ते मास्तरांच्या कानाशी म्हणाले. आवाज अगदी मऊ. "समोरच्याले देलं असतं तं समजलो असतो. त्यानं काही देलं असन म्हनलो असतो. माह्या सैपाकिनीले? माह्या जागी माह्यी सैपाकीन? हे मले थोबाडीत मारली कोनीतरी. बराबर पाहून घ्या मास्तर, एकचा आकडा कसा काढला ते. तुमी अक्षर वळखता सगळ्याईचं."

ते खरं होतं. मास्तर आकडा ओळखत होते. अकीलाला एक काढायला त्यांनीच शिकवलं होतं, पाटीवर, वरची गाठ घट्ट आणि शेपूट सरळ. दीपमालाचा एक ते रोज सकाळी दुधाच्या कॅलेंडरवर बघत होते. गाठ मोकळी, शेपूट डावीकडं वळलेली. कर्मचाऱ्यानं नियमाप्रमाणं पत्रिका जाळीजवळ आणली, प्रतिनिधींना दिसावी म्हणून. दोन हातांवर. जांभळा आकडा. एक नजर टाकली की संपलं. अकीला असली तर सून सुटली, घर सुटलं. सून असली तर निदान कळलं तरी असतं.

देवराव मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसायला घेतल्या. आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. समोर नुसता जांभळा धूर होता. पत्रिका परत जाऊन खणात पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी चष्मा चढवला.

"पाह्यलं?" भाऊ.

"लघवीला जाऊन येतो," मास्तर म्हणाले.

वही शंभर पानी होती, पण लिहिलेली पानं आठच. संडासात त्यांनी ती आठ पानं फाडली, ओली केली, गोळे केले आणि एकेक करून सोडली. पाणी कमी होतं. चार वेळा बादली ओतावी लागली. मनात एकच विचार, हे तुंबलं तर काय. तुंबलं नाही. नळावर तोंड धुतलं, आरशात एक म्हातारा दिसला, त्याच्याकडं फार वेळ बघितलं नाही.

निकाल एक वाजून वीस मिनिटांनी लागला. वैध मतं चारशे आठ, जिंकायचा कोटा दोनशे पाच. चंदनभाऊ दोनशे तेरा. समोरचा एकशे चौऱ्याण्णव. पार्बताबाई एक. ड्रायव्हर आणि भागीदाराला भोपळा. भाऊ आमदार झाले, सहा वर्षांसाठी, त्या छोट्या खोलीत, थंड डोक्यानं कायदे वाचायला. बाहेर ढोल सुरू झाला. भाऊ बाहेर गेले नाहीत. बाजूच्या खोलीत सूर्यभाननं दार लोटलं. आत पाच-सहा कार्यकर्ते, गळ्यात हार घेऊन उभे.

"दोनशे चौदा पायजे होते," भाऊ म्हणाले. "एक कमी हाये. नाव सांगा मास्तर."

"नाव निघत नाही."

"काहून निघत नाही?"

"गणित चुकलं माझं."

बाहेरचा ढोल तेवढा ऐकू येत होता.

"पाच नावांत इतके क्रम होत नाहीत," मास्तर म्हणाले. "मी तेच ते क्रम तीन-तीन, चार-चार जणांना देऊन बसलो. आज मोजताना ध्यानात आलं. कोणाची टिक कोणाला लागली, काही पत्ता नाही."

"वही आना इकडे."

"फाडली. चुकीच्या वहीवरून उद्या भलत्याच माणसाचं घर पडेल, म्हणून फाडली."

सूर्यभाननं त्यांच्या हातातली वही ओढून घेतली, कोरी पानं फरफर उलटली, फाटलेल्या कडांवर बोट फिरवलं. मग त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाला, "बुढ्ढा खोटं बोलून राह्यला भाऊ. एकतीस वर्षं गनित शिकवलं ह्यानं."

"हो का?" चंदनभाऊ खुर्चीवरून उठले. फाडलेल्या वहीचं उत्तर मिळणार नाही हे त्यांना कळलं होतं, आणि रिकाम्या हातानं ते कधी उठत नसत. "मंग एक काम करा मास्तर. बाहेर सारे तुमचे विद्यार्थी उभे हायेत. त्याईच्या समोर सांगा, मले गनित येत नाही. एवढं सांगा आन् जा."

मास्तर बाहेर आले. गुलाल उडत होता. गावची शंभर-सव्वाशे माणसं आली होती, त्यात दीपमाला होती, बाजूला अकीला होती, कुर्बान मोटारसायकलला टेकून होता. सूर्यभाननं ढोल थांबवला.

"मास्तरले काही सांगाचं हाये."

गुणाकार शिकवलेली माणसं होती ती. भागाकारात बोट धरून नेलेली. गुलाल डोळ्यात गेला असं त्यांनी दाखवलं.

"मला गणित येत नाही," ते म्हणाले.

"जोरानं. मांगच्याईले नाई आलं आयकू."

"मला गणित येत नाही. भाऊंचं काम मी चुकवलं."

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. एक जण ओरडला, "चार चोक किती, गुर्जी?" ढोल पुन्हा सुरू झाला. दीपमाला हसली नाही. अकीलानं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

भाऊंच्या गाडीत आता जागा नव्हती. अकीलाही कुर्बानच्या मोटारसायकलवर बसली नाही; मास्तर आणि त्या दोघी एसटीनं निघाले. दोघी पुढच्या सीटवर, मास्तर मागं खिडकीला. बस बडनेऱ्याच्या पुढं गेल्यावर अकीला वळली.

"सर, क्रम बराबर होते ना सारे?"

"नाही."

"चौसष्ट होते, सर. म्या हॉटेलात मांडून पाह्यले. तुमीच शिकवलं होतं."

मग दीपमालानं मान वळवली. तोंड उघडलं. तिच्यासोबत अकीलानंही उघडलं. मास्तरांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा, तळवा पुढं.

"मी विचारलं नाही," ते म्हणाले.

सोमवारी नगरपंचायतीचे दोन जण फीत घेऊन आले. मास्तरांचा ओटा मोजला. चौदा इंच बाहेर. नोटीस दारावर चिकटवली, पंधरा दिवसांची मुदत. मास्तरांनी मजूर बोलावला नाही, सब्बल घेऊन स्वतःच फरशी उचकटायला बसले. फोडून होत आलं होतं तेव्हा पार्बताबाई आली. हातात पिशवी, पायात स्लीपर. तिला भाऊंनी घरी बसवलं होतं. वीस वर्षांनी, एका मतासाठी.

ती उरलेल्या फरशीच्या कडेला टेकली.

"मास्तर, मले एक मत पडलं म्हनते. खरं हाये काय?"

"खरं आहे."

"कोन देलं?"

दारात दीपमाला उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. ती तशीच उभी राहिली.

"माहीत नाही, बाई," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, हे सांगताना त्यांना ऐट वाटली. "कोणालाच माहीत नाही. कधीच कळणार नाही."

"भांडाले नाई आली मी," पार्बताबाई म्हणाली. "काम गेलं ते गेलं. आजलोक माह्यापुढे कोनी एक नंबर टाकला नाई. त्याले एक डाव जेवाले बोलवाव म्हनलं."

दीपमाला पुढं आली. तिनं तांब्या पार्बताबाईच्या हातात दिला आणि मास्तरांच्या हातातली सब्बल घेतली. शेवटची फरशी तेवढी राहिली होती.